आम्ही घरं उतरवत होतो

आमच्या घरी सकाळ व्हायची ती खिळ्यांच्या आवाजानं. परसात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा जमिनीत पुरलेला होता. आई त्याच्यापुढं पाट टाकून बसायची आणि आदल्या दिवशी उपटून आणलेले वाकडे खिळे सरळ करायची. खिळा रुळावर आडवा धरायचा, बोटानं फिरवत न्यायचा, उंचवटा वर आला की हातोडीची हलकी टिचकी. लहान खिळ्याचा आवाज बारीक, मोठ्याचा भरीव, आणि जुन्या घडीव चौकोनी खिळ्याचा अगदी निराळा, देवघरातली लहान घंटा वाजावी तसा. अंथरुणात पडल्या पडल्या मला आणि धाकट्या विमलला कळायचं की काल आबांनी कसलं घर उतरवलं. चौकोनी खिळे वाजले म्हणजे घर फार जुनं, म्हणजे सागवान चांगलं, म्हणजे आबा आज खुशीत.

आबा म्हणजे आमचे वडील. कराडात नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला आमची वखार होती, आणि वखारीच्या मागच्या अंगाला तीन खोल्यांत आम्ही राहत होतो. जुनी घरं खाली काढायची आणि त्यातलं लाकूड, दारं, खिडक्या, कौलं, फरशा विकायच्या, हा आमचा धंदा. लोक आम्हाला घरं पाडणारे म्हणायचे. आबांना तो शब्द खपायचा नाही. "पाडतंय ते वादळ," ते म्हणायचे. "आमी उतरवतो." ज्यानं घर चढवलं त्याच्या उलट वाटेनं खाली यायचं, हा त्यांचा नियम. सगळ्यात शेवटी जे चढलं ते सगळ्यात आधी उतरवायचं. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, तुळया, खांब, आणि सगळं संपल्यावर पुढच्या दाराची चौकट. चौकट काढण्याआधी ते उंबऱ्यावर नारळ फोडायचे आणि खोबरं घरमालकाच्या हातावर ठेवायचे. भलेभले लोक तेवढ्या वेळी डोळे पुसताना मी पाहिलेत.

दुसऱ्यांच्या माजघरात देवांच्या तसबिरी असतात, आमच्या माजघरात हत्यारांची भिंत होती. खुंट्यांवर ओळीनं सगळं टांगलेलं. पुरुषभर उंचीची मोठी पहार, ती आबांशिवाय कुणी उचलायची नाही. तिच्याखाली कटावणी, म्हणजे हातभर लांबीची, पुढं चपटी आणि मागं नखासारखी वळलेली सळई. फटीत घालून दाबलं की फळी सुटलीच पाहिजे. मग मोठा घण, लहान घण, नखीची हातोडी, वेगवेगळ्या रुंदीच्या छिन्न्या, पटाशी, गिरमिट, करवती. प्रत्येक हत्याराला त्याचा माणूस होता. आईचं लाडकं हत्यार म्हणजे पक्कड. तिच्या दांड्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली होती, आणि तिनं ती पापड उलटण्यापासून ते शेजाऱ्यांच्या नळाची चकती काढण्यापर्यंत सगळीकडं वापरली. विमलला गिरमिटाचा नाद. भोक पाडायचं काम नसलं तरी ती परसातल्या ओंडक्याला भोकं पाडत बसायची, आणि आबा तिला कधी रागावले नाहीत. खंडेनवमीला ही सगळी मंडळी अंगणात उतरायची. आम्ही ती राखेनं घासून, तेलाचं बोट फिरवून, झेंडूची फुलं वाहून पाटावर मांडायचो, आणि त्या दिवशी आबांसारखा माणूसही हातात काही न धरता नुसता इकडून तिकडं फिरत राहायचा.

आईचं माहेर वडूजकडचं. त्यामुळं आमच्याकडं उडदाचं घुटं व्हायचं ते खास त्या मुलखातलं, दाट, लसणाच्या ठेच्याचं, वरून कच्च्या तेलाची धार. चुलीला जळण नेहमी जुन्या घरांचं. सागवानाची ढलपीसुद्धा चुलीत जायची नाही, तो धर्मच होता. पण किडलेले वासे, फुटक्या रिपा, बांबूचे तुकडे यांची ददात नव्हती. त्या लाकडाला कुणाकुणाच्या स्वयंपाकघराचा धूर वर्षानुवर्षं लागलेला. पेटवलं की कधी तंबाखूचा वास यायचा, कधी हळदीचा, कधी जळक्या दुधाचा. भाकरी भाजता भाजता आई म्हणायची, "ह्या घरात गुरं लय हुती बघ." आणि आबांना विचारलं तर खरंच निघायचं.

मी थोरली. भाऊ नव्हता, आणि त्याची हळहळ आमच्या घरात मी कधी ऐकली नाही, बाहेर पुष्कळ ऐकली. मी हायस्कुलात होते तेव्हा आम्ही एकदा मामाकडं वडूजला गेलो. तिथं आबा मला घेऊन लोहाराच्या पालावर गेले. बरोबर त्यांनी ट्रकचा एक मोडका कमानपाटा नेला होता. लोहारानं तो भट्टीत लाल केला, त्याच्या बायकोनं घण मारला. आबांनी मला सरळ उभी केली आणि लोहाराला हातानं माझी कंबर दाखवली, एवढी लांब पाहिजे म्हणाले. एक टोक बदकाच्या चोचीसारखं चपटं, दुसरं किंचित वळवलेलं. लोहार म्हणाला, एवढी आखूड पहार कुणासाठी? आबा म्हणाले, "कामाच्या माणसासाठी." पाण्यात बुडवताना तिचा चर्र आवाज झाला, वाफ उठली, आणि परत येताना एसटीत मी ती अजून कोमट असलेली पहार फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. पुढं मला दागिने झाले, दोन वेळा पैठणी मिळाली. त्या एसटीतल्यासारखं ओझं मात्र पुन्हा कधी मांडीवर घेतलं नाही.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी आबांबरोबर कामावर जाऊ लागले. ते शिकवायचे असं नाही, काम करता करता बोलायचे. पहार फटीत घातली की लगेच दाबायची नाही, आधी हलवून बघायची, लाकूड कुठं धरून बसलंय ते हाताला कळतं. टेकण, म्हणजे पहारीखाली ठेवायचा ठोकळा, लाकडाच्या जितकं जवळ तितका जोर कमी लागतो. खिळा ओढायचा तर हातोडीच्या डोक्याखाली चिपाट ठेवायचं, फळीला वळ उठू द्यायचा नाही. आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. "कुठल्या बी लाकडाला हात लावायच्या आदी त्याला इचारायचं, तुज्या डोक्यावर कोन बसलंय? मग त्या बसल्याला आदी उठवायचं." मी हसायचे, कारण ते खरोखर खांबाकडं तोंड करून पुटपुटायचे.

आता मी सांगलीत विश्रामबागेत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. स्वयंपाकघराच्या खणात लाटण्याशेजारी माझी एक कटावणी असते. सून आधी हसायची. गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावरच्या एका घरात न्हाणीघराचं दार फुगून बसलं आणि आत त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी अडकली. रखवालदार लाथा घालायच्या बेतात होता. मी त्याला बाजूला केलं, बिजागरीच्या बाजूला दाराखालच्या फटीत कटावणी घातली, खाली लाटणं टेकण म्हणून ठेवलं आणि दार अलगद उचलून काढलं. रंगसुद्धा उडाला नाही. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटणारी पोरं मला दारवाल्या आजी म्हणतात, आणि सून तो खण पाहुण्यांना उघडून दाखवते. मी मुद्दाम तिच्याकडं बघत नाही.

तर माझी शेवटची परीक्षा नुकतीच झाली होती आणि घरात माझ्यासाठी स्थळं बघायचं बोलणं चाललं होतं, त्या उन्हाळ्यात आबा शिडीवरून घसरले. कंबर धरली. डॉक्टरांनी फळीवर उताणं निजायला सांगितलं, उठायचं नाव नाही. आबांसारख्या माणसाला ती शिक्षाच होती. त्यात सांगलीचं एक मोठं काम त्यांनी आधीच स्वीकारलेलं. तिथले मगदूमअण्णा म्हणून हळदीचे व्यापारी होते, जैन घराणं, त्यांचं जुनं दुमजली घर उतरवायचं होतं. नवीन घराचा पाया पावसाआधी भरायचा होता, आणि जुन्या घराचे नक्षीचे खांब आणि पुढचं दार नव्या घरात बसवायचं होतं. म्हणजे नुसतं उतरवून भागणार नव्हतं, जपून उतरवायचं होतं. आबांबरोबर वर्षानुवर्षं काम करणारे दिनकरमामा होते. ते नात्यानं मामा नव्हते, पण आम्ही तसंच म्हणायचो. अंगानं दांडगे, घण चालवण्यात त्यांचा हात कुणी धरायचा नाही. पण कुठली तुळई आधी आणि कुठली नंतर हे ठरवायचं म्हटलं की ते आबांच्या तोंडाकडं बघायचे. आबांनी त्यांना बोलावून सांगितलं, मगदुमांना निरोप दे, काम होत नाही म्हणून.

आई चुलीपुढं होती. ती तिथूनच म्हणाली, "निरोप कशाला? शालन जाईल. मी जाईन तिच्यासंगं."

जेवताना दिनकरमामा घुटं ओरपत खाली बघत राहिले. आबा पडल्या पडल्या आढ्याकडं बघत होते. जेवण झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, पोटमाळ्याखाली दोन खांबांवर एक तुळई असली आणि तिच्यावर भिंत चढवलेली असली, तर आधी काय काढशील? मी सांगितलं. मग दुसरं विचारलं, मग तिसरं. विमल दिव्याची काच पुसत होती, ती पुसायची थांबली. शेवटी आबा म्हणाले, हत्यारं पुसून ने, सांगलीची हवा दमट हाय.

मगदूमअण्णा उंच, गोरे, पांढरी टोपी घालणारे. बोलण्यात कानडीचा हेल. आबा आले नाहीत आणि त्यांच्या जागी एक पोरगी आणि नऊवारी नेसलेली बाई आलीय, हे बघून ते ओसरीवरच थांबले. त्यांनी आम्हाला परत जा म्हटलं नाही, पण या असंही म्हटलं नाही. त्यांच्या बायको पद्माकाकूंनी मात्र आईला आत नेऊन गुळपाणी दिलं. घर उतरेपर्यंत ती मंडळी परसातल्या हळदीच्या कोठारात राहायला गेली होती, त्यालाच लागून असलेल्या खोलीत आमची राहायची सोय केली. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, त्यामुळं आम्हीही उजेडातच जेवायचो आणि आईला ती पद्धत इतकी आवडली की कराडला परत आल्यावरही तिनं ती सोडली नाही. ज्वारीची पातळ भाकरी, चटणी, दह्यातली काकडी. भाकरीलासुद्धा हळदीचा वास. ते सगळं घरच हळदीनं भरलेलं होतं. वरच्या मजल्याची फळी उचलली की फटीतून पिवळी धूळ उडायची, आणि संध्याकाळी आमचे हातपाय लग्नातल्या नवरीसारखे दिसायचे.

कौलं उतरली, वासे उतरले, वरचा मजला हळूहळू नाहीसा झाला. दिनकरमामा माझं ऐकायचे, पण ऐकताना आईकडं बघायचे, म्हणजे हुकूम जसा काही तिचा होता. मला ते लागायचं. मगदूमअण्णा रोज दुपारी येऊन लांब उभे राहायचे. पहिला नक्षीचा खांब आम्ही दोरांनी धरून गवताच्या पेंढ्यांवर आडवा केला तेव्हा त्यांनी वाकून त्याच्या नक्षीवरून हात फिरवला, एक कळी कुठं मोडलीय का बघितलं, आणि गेले. पण त्या दिवसापासून पद्माकाकूंनी दह्याबरोबर लोणी द्यायला सुरुवात केली.

एका दुपारी आम्ही सावलीला भाकरी सोडून बसलो होतो. आधी एक आवाज आला, कुणी मोठं कापड फाडावं तसा. मग धप्प. आईच्या हातातला घास हातातच राहिला. आवाज आमच्या कामाकडून नव्हता, शेजारून आला होता. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एका कुटुंबाचं लहानसं घर होतं. त्यांच्या मागच्या भिंतीच्या पायात मोरीचं पाणी किती वर्षं मुरत होतं कुणास ठाऊक. ती अर्धी भिंत आत स्वयंपाकघरात बसली होती. आम्ही धावलो तेव्हा बोळात धूळ उठली होती आणि घरची म्हातारी, गंगूबाई, डोक्यावर दळणाचा डबा तसाच घेऊन दारात उभी होती. ती नुकती गिरणीतून आली होती. तिची सून सुनंदा आणि सुनंदाचं चार महिन्यांचं बाळ आत होतं.

स्वयंपाकघराला एकच दार, ते मधल्या खोलीत उघडायचं. आणि बोळाकडं गजांची एक लहान खिडकी. दार गच्च बसलेलं. बोळातली माणसं जमली, कुणी कुदळ आणली, कुणी मुसळ. दिनकरमामा घण घेऊनच आले होते. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, त्यामुळं कुणाला दम धरवत नव्हता. मामांनी पाय रोवले आणि घण उचलला.

मी दाराकडं बघितलं. चौकटीचं वरचं लाकूड मधोमध वाकलं होतं. छपराची मोठी तुळई भिंतीवरून सुटून तिरकी खाली आली होती आणि तिचं एक टोक नेमकं त्या चौकटीवर येऊन टेकलं होतं. फळ्यांमधून बारीक भुसा गळत होता. ते दार आता दार राहिलं नव्हतं, त्याचा खांब झाला होता. ते फुटलं असतं तर छप्पर आणि उरलेली भिंत दोन्ही खाली आली असती.

मी घण आणि दार यांच्या मधे जाऊन उभी राहिले. मला तेव्हा भीती वाटली का, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. वाटली असेल. आठवतं ते एवढंच की माझा आवाज आबांच्या आवाजासारखा निघाला. "मामा, घण खाली ठेवा. त्या दारावर घर बसलंय."

त्यांनी आईकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं, मग वर तुळईकडं. आणि घण भिंतीला लावून ठेवला.

मग मी सांगत गेले आणि माणसं करत गेली. मगदुमांच्या अंगणातून उतरवलेले दोन साधे खांब आणवले. चौकटीच्या दोन्ही अंगांना, अगदी तुळईच्या पोटाखाली, ते उभे केले. खाली फळी, वर फळी, आणि मधल्या फटीत लाकडी पाचरी. पाचरी मी स्वतः ठोकल्या, लहान हातोडीनं, एकदा ह्या खांबाची, एकदा त्या खांबाची, घाई न करता. माणसं ओरडत होती की बाई, हातोड्या काय मारत बसलीस. तेवढ्या वेळात आई दाराच्या फटीला तोंड लावून आतल्या पोरीशी बोलत होती. किंचाळू नको, असं ती म्हणाली नाही. तिनं विचारलं, "काय शिजत हुतं गं चुलीवर?"

आतून खोकत उत्तर आलं, "आमटी."

"मग आदी चुलीत पानी वत. हात पोचतोय का?"

"पोचतोय. पाय निगंना. पाय वाश्याखाली हाय."

"ऱ्हाऊ दे पाय. चूल इझव. पोराच्या तोंडावर पदर टाक. माजी लेक येती हाय."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी आईकडं वळून बघितलं. मी आत जाणार हे तिनं माझ्याआधी ठरवलं होतं.

बोळाकडची भिंत धड होती, तिच्यावर कसला भार आलेला नव्हता. खिडकीचे गज काढत बसण्यात अर्थ नव्हता, कारण ते वरखाली लाकडात आरपार बसवलेले होते. पण खिडकीची सगळी चौकट मातीतच धरलेली होती. मी छिन्नीनं चौकटीच्या कडेची माती कोरून काढली, आखूड पहारीची चोच आत घातली आणि हलवून बघितली. डावीकडं खालच्या कोपऱ्यात ती धरून बसली होती. तिथं दगडाचं टेकण दिलं, दाबलं, आणि चौकट गजांसकट दिनकरमामांच्या हातात आली, दात निघावा तशी. खिडकी लहान होती. मामांसारखा माणूस तिच्यातून खांद्यापलीकडं गेला नसता.

तोपर्यंत आई खोलीतून बाहेर येऊन माझ्यामागं उभी राहिली होती. तिनं माझ्या पदराचा बोंगा कमरेला घट्ट खोचला आणि म्हणाली, "जा. मी खांबाला हात लावून बसती. लाकूड बोललं तर मी हाक मारीन, तवा हाय तसं टाकून भाईर यायचं."

ती परत आत गेली. पुढं मी तिला विचारलं, नुसता हात लावून तुला काय कळणार होतं? ती म्हणाली, एवढे खिळे ठोकले, लोखंड कधी वळतं ते कळतं, मग लाकूड कधी मोडतं ते कळत नाही व्हय?

आत धूर, धूळ, आणि चुलीची ओली राख. भांड्यांच्या मांडणीखाली सुनंदा अंग चोरून बसली होती. ती माझ्याच वयाची होती, हे मला अनपेक्षित होतं. तिनं बाळ माझ्याकडं दिलं आणि मी ते खिडकीतून बाहेर दिलं. दिनकरमामांनी ते घेतलं. घणाच्या दांड्यानं घट्टे पडलेले ते हात, आणि त्यांत ते धुळीनं पांढरं झालेलं पोर. ते दोन्ही हात पुढं धरून तसेच उभे राहिले, गंगूबाई येऊन घेईपर्यंत त्यांनी कोपरसुद्धा वाकवलं नाही.

सुनंदाच्या घोट्यावर वासा आडवा पडला होता आणि वाश्यावर विटांचा ढीग. तो वासा उचलण्याआधी त्याच्यावर काय बसलंय ते मी बघितलं. विटा एकेक करून बाजूला ठेवल्या, फेकल्या नाहीत, कारण धक्का नको होता. हे करताना मी तिच्याशी बोलत होते, काय ते आठवत नाही. तिचं म्हणणं मात्र पुढं असं होतं की मी तिला मला बघायला येणाऱ्या माणसांबद्दल सांगत होते आणि ती त्या अवस्थेत हसली. मग पहार वाश्याखाली घातली, मसाला वाटायचा पाटा टेकण म्हणून सरकवला, आणि भार अंगावर घेतला. पहार वाकली, पण कमानपाट्याचंच पोलाद ते, वाकून पुन्हा सरळ व्हायचा त्याचा स्वभाव. वासा चार बोटं उठला. मी म्हटलं, ओढ. तिनं पाय ओढला. मी वासा परत हळूच खाली ठेवला, जिथं होता तिथंच.

तिला खिडकीतून बाहेर काढायला बोळातल्या बायकांनी सतरंजी धरली होती. मी सगळ्यांच्या शेवटी आले. आईनं त्यानंतरच खांबावरचा हात काढला. तिच्या तळव्यावर लाकडाची रेघ उठली होती.

ते छप्पर पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते उतरवलं, आधी कौलं, मग रिपा, मग वासे, तुळई सगळ्यात शेवटी. गंगूबाईंची भांडीसुद्धा एखाद्या चेपलेल्या तांब्याखेरीज धड निघाली. काम सुरू करण्याआधी दिनकरमामा घण खांद्यावर टाकून माझ्यापुढं येऊन उभे राहिले. आई जवळच होती, पण ते तिच्याकडं वळले नाहीत.

"मुकादम," ते म्हणाले, "कुटनं सुरवात करायची?"

चेष्टा आहे का म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. चेष्टा नव्हती. त्या दिवसापासून ते मरेपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. माझ्या लग्नातसुद्धा, सप्तपदी चालू असताना, मुकादमांना जरा पाणी द्या, असं ते मांडवात मोठ्यानं म्हणाले होते.

मगदुमांचं काम आम्ही पावसाआधी पुरं केलं. चौकट काढताना उंबऱ्यावर नारळ मी फोडला आणि खोबरं अण्णांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते अर्धं मोडून माझ्या हातावर परत ठेवलं. पुढं त्यांच्या भाऊबंदांची, मग त्या भाऊबंदांच्या व्याह्यांची अशी मिरजेपर्यंतची घरं आमच्याकडं उतरवायला आली, आणि ती माणसं कराडच्या वखारीत येऊन आबांना नव्हे, शालनताईंना विचारायची. लग्न मी त्याच माणसाशी केलं ज्यानं बघायला आल्यावर स्वयंपाकाबद्दल विचारलं नाही. औंधच्या देवीला जोडीनं जाऊन आलो त्या वाटेवर त्यानं मला विचारलं होतं की तुळईखाली पाचर ठोकताना दोन्ही बाजू सारख्या कशा ठेवायच्या. संसार आणि धंदा मी बरोबरच केले. मशिनं आली, सकाळी उभं असलेलं घर दुपारी मातीचा ढीग व्हायला लागलं, तोपर्यंत करत राहिले. विमलचा मुलगा आता ती वखार बघतो. त्याला जुनं दार मिळालं की तो मला मोबाईलवर फोटो पाठवतो आणि मी त्याला सांगते की चौकोनी खिळ्यांना हात लावू नकोस, मी येते.

पण मला खरं सांगायचंय ते आबांबद्दल. ते पडून होते, त्यांनी त्या दुपारचं काहीच बघितलं नव्हतं. आम्ही सांगलीहून परत आलो तेव्हा दिनकरमामांनी त्यांच्या फळीशेजारी बसून सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, पाचरी कुठल्या लाकडाच्या केल्यास? मी म्हटलं, बाभळीच्या. ते बरं म्हणाले आणि भिंतीकडं तोंड वळवलं. मला तेव्हा जरा वाईट वाटलं होतं. मग उठून बसायला लागल्यावर त्यांनी वखारीत येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यांच्या सांगण्यात तुळई दरवर्षी लांब होत गेली. घर दुमजली झालं. बोळात जमलेली वीसेक माणसं अर्धी सांगली झाली. एकदा तर त्यांनी बाळांची जुळी केली. मी जवळ असले की ते माझ्याकडं न बघता सांगायचे, आणि मी दुरुस्ती करत नसे. आई आतून ओरडायची, आवं, एकच पोर हुतं. ते म्हणायचे, तू गप, तू तिथं व्हतीस का? आणि आई हसून पदर तोंडाला लावायची.

शेवटच्या आजारात त्यांना कराडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बोलताना धाप लागायची, त्यामुळं ते दिवस दिवस गप्प असायचे. मी उशाशी बसले होते. औषध द्यायला एक नवी परिचारिका आली, तिनं सहज विचारलं की आजोबा, या कोण तुमच्या? मला वाटलं, आता बोळ, तुळई, अर्धी सांगली, सगळं येणार, आणि त्यांना दम लागणार. मी त्यांना थांबवायला हात पुढं केला. त्यांनी तो धरला. तळवा वर करून माझे घट्टे त्या मुलीला दिसतील असा धरला.

"ही माजी थोरली," आबा म्हणाले. "घरं उतरवती."